दिवा आणि तूस यांच्यातले दीड फूट

(जिल्हा मेळाव्यात कोंबडीपालक शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कांद्यावर बोलणे झाले, द्राक्षावर झाले, विजेच्या बिलावर तर झालेच झाले. आता कोंबडीवाल्यांची पाळी. कोंबडीवाला माइकसमोर उभा राहिला की तो भावाचे रडगाणे गाणार, हे तुम्ही धरूनच चालता. त्यात तुमचेही काही चुकत नाही. २०२० साली कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी आवई उठली आणि विक्रीला आलेले पक्षी लोकांनी फुकट वाटले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण आज आम्ही भावाचे बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते आगीचे. पिल्लांच्या डोक्यावर टांगलेला ऊब देणारा दिवा आणि त्याच्या खाली अंथरलेले भाताचे तूस, या दोघांच्या मधल्या दीड फुटाचे.

दीड फूट म्हणजे काही फार मोठा विषय नव्हे, असे कोणाला वाटेल. जिल्हा मेळाव्यात मांडण्यासारखा तर नाहीच नाही. पण हे दीड फूट का कमी होते याचा माग काढत गेलात, तर तुम्ही थेट जमाखर्चाच्या वहीपाशी येऊन पोचता. म्हणून तो मांडायचा.

मंडपात द्राक्षवाले आणि कांदेवाले जास्त आहेत, तेव्हा आधी थोडे समजावून सांगतो. एक दिवसाचे पिल्लू आमच्या शेडवर येते तेव्हा त्याच्या अंगावर फक्त लव असते. पिसे फुटायची असतात. स्वतःच्या अंगाची ऊब त्याला टिकवता येत नाही. घरची कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते. पाच हजार पिल्लांना पंखाखाली घेणारी कोंबडी कुठून आणायची? म्हणून कृत्रिम ऊब, तिला आम्ही ब्रूडिंग म्हणतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीजवळ ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, एवढी ऊब लागते. पुढे दर आठवड्याला पाच-पाच अंश फॅरनहाइट उतरवत न्यायची. आता निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कुठे जातो हे द्राक्षवाल्यांना आम्ही सांगायला नको. पाच-सहा अंशांवर पारा आला की तुम्ही बागेत शेकोट्या पेटवता. त्याच रात्री आम्हाला शेडमध्ये ३५ अंश टिकवायचे असतात.

ती ऊब द्यायला बहुतेक ठिकाणी २५० वॅटचे तांबडे दिवे टांगतात. साधारण अडीचशे पिल्लांमागे एक दिवा असा हिशेब असतो. काही ठिकाणी गॅसचे ब्रूडर छताला टांगलेले असतात. या दिव्यांच्या खाली काय असते? घोटीच्या भातगिरणीतून आणलेले कोरडे खडखडीत तूस, दोन-तीन इंच. पहिल्या दिवसांत पिल्लांनी तूस खाऊ नये म्हणून त्याच्यावर वर्तमानपत्राचे कागद. बाजूला काय असते? खाद्याच्या आणि खताच्या रिकाम्या गोण्या शिवून केलेले पडदे. वर काय असते? थंडीत ऊब राहावी म्हणून पत्र्याखाली बांधलेले बारदान किंवा प्लॅस्टिकचा कागद. कोपऱ्यात पिल्लांचे पुठ्ठ्याचे रिकामे खोके, तुसाच्या जादा गोण्या, जनरेटरचा डिझेलचा कॅन. आणि हे सगळे रात्रभर, दहा-बारा रात्री, कोणी तरी अर्धवट जागे असताना चाललेले. चूल पेटवायला बसलेला माणूससुद्धा एवढी चोख मांडणी करत नाही.

वरून टांगलेल्या या दिव्याची एक तऱ्हा समजून घेतली पाहिजे. तो हवा तापवत नाही. उन्हासारखी त्याची धग सरळ खाली येते आणि जिथे पडते ती वस्तू तापवते. म्हणून दिव्याच्या शेजारी उभे राहिले तर शेड गार वाटते, आणि दिव्याखाली हात धरला तर चटका बसतो. दुसरे असे की, अंतर निम्मे केले की धग दुप्पट होते असे आपण समजतो. तसे नाही. अंतर निम्मे केले की धग मोघमाने चौपट होते आणि एकतृतीयांश केले की नऊपट. दीड फुटावरचा दिवा पाऊण फुटावर आणला तर तुम्ही एका दिव्याचे दोन नाही, चार दिवे केलेत, आणि तेही सगळे एकाच वीतभर जागेवर.

तूस ती धग खाली जाऊ देत नाही. ज्या गुणामुळे ते पिल्लांना गार फरशीपासून वाचवते, त्याच गुणामुळे वरचा थर तापत राहतो. आधी कागद तपकिरी होतो. मग त्याखालचे तूस काळे पडते. मग ते धुमसायला लागते. ज्वाळा नाही, उजेड नाही, थोडा करपल्यासारखा वास, आणि शेडमध्ये आधीच इतके वास असतात की तो कोणाच्या नाकाला जाणवतही नाही. असे तूस तासन् तास आतल्या आत धुमसू शकते. पहाटे कोणी तरी हवा खेळावी म्हणून पडदा उघडतो, वाऱ्याची झुळूक आत येते, आणि मग ज्वाळा दिसते. म्हणजे आग लागली चार वाजता असे पंचनाम्यात लिहिले जाते, पण ती लागलेली असते रात्री बारालाच.

आम्ही पोल्ट्रीवाले सात-आठ जण गेल्या हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातली शेडे बघत हिंडलो. जळालेलीही पाहिली आणि चालू असलेलीही. दिवा खाली कसा येतो हे आम्हाला त्या हिंडण्यात समजले. कोणीही ठरवून दिवा तुसाला टेकवत नाही. तो हळूहळू खाली येतो.

एक तर तूस वर येते. ओले झालेले तूस काढायचे आणि नवे टाकायचे, पण काढायचे राहते आणि टाकणे मात्र होते. गादी दोनाची चार इंच होते. दिव्याची उंची फरशीपासून मोजलेली असते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरे, दिवे टांगलेले असतात सुतळीला किंवा नायलॉनच्या दोरीला. सुतळी ओलीला आखडते, कोरडीला सैल होते, उंदीर कुरतडतात. नायलॉन धगीने मऊ होतो आणि लांबतो. काही ठिकाणी तर दिवा त्याच्या वायरीलाच लोंबत असतो आणि होल्डरचे स्क्रू एवढेच त्याला धरून असतात. तिसरे म्हणजे वीज जाणे. वीज गेली की माणूस कंदील किंवा मोबाइलची बॅटरी घेऊन शेडमध्ये जातो, पाणी बघतो, मेलेली पिल्ले उचलतो, आणि वाटेत आडवा येणारा दिवा बाजूला करतो. कुठे करतो? पडद्याच्या तारेवर अडकवतो, नाही तर सरळ तुसावर ठेवून देतो. विझलेलाच तर आहे! खटका मात्र चालूच राहिलेला असतो. दोन तासांनी वीज येते. माणूस तोवर झोपलेला. दिवा लागतो, तोंड तुसात खुपसून. शेडे कशी जळाली असे आम्ही जिथे जिथे विचारले तिथे ‘शॉर्ट सर्किट’ हे उत्तर मिळाले. शॉर्ट सर्किट हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात कोणी कर्ता नसतो.

आणि वीज येते तीही कशी? मध्यरात्री गावातले पंप बंद असतात, लाइनवर भार नसतो. २३० च्या जागी २६०-२७० व्होल्ट येतात. २५० वॅटचा दिवा तेव्हा २५० वॅटचा राहत नाही. चौथा हिस्सा, कधी तिसरा हिस्सा जास्त तापतो. संध्याकाळी कमी दाबावर तुम्ही जी उंची बेताची म्हणून ठरवली, ती मध्यरात्री बेताची राहत नाही.

पण सगळ्यात जास्त वेळा दिवा खाली येतो तो माणसाच्या हाताने आणि चांगल्या हेतूने. रात्री थंडी वाढते. पिल्ले दिव्याखाली एकावर एक गोळा होतात, चिवचिवाट करतात. गार पडल्याची ती खूण. ऊब जास्त झाली तर ती लांब पळून पत्र्याच्या कडेला जाऊन उभी राहतात, आणि बेताची असली तर सगळीकडे पसरून दाणे टिपतात. पिल्लांइतका खरा थर्मामीटर नाही. तर पिल्ले गोळा झाली, चेंगरून मरायला लागली. आता काय करायचे? खरे म्हणजे वारा कुठून येतो तो बंद करायचा, पिल्लांचे गोल लहान करायचे, दोन दिवे वाढवायचे. पण रात्री दोन वाजता जादा दिवा कुठे आहे? जादा होल्डर कुठे आहे? हाताशी असते ती सुतळी. ती सोडायची, दिवा अर्धा फूट खाली घ्यायचा. पिल्ले गप्प होतात. माणूस झोपतो.

आता वही काढू. पाच हजार पिल्लांचे शेड धरा. वीस दिवे लागतात. हेच दिवे दीड फुटाच्या खाली न आणता कडाक्याच्या थंडीत तेवढीच ऊब द्यायची, तर पंचवीस दिवे लावा, म्हणजे दोनशे पिल्लांमागे एक. पाच दिवे जास्त. पाच दिवे म्हणजे साडेबाराशे वॅट, तासाला सव्वा युनिट. रात्रीचे दहा तास धरले तर साडेबारा युनिटे. दहा रात्रींची सव्वाशे युनिटे. युनिटला दहा रुपये धरा, ज्याचा दर जो असेल त्याने तो धरावा. साडेबाराशे रुपये झाले. मरतूक वजा जाता त्या शेडमधून दोन-दोन किलोचे पक्षी निघाले तर साडेनऊ हजार किलो वजन भरते. साडेबाराशे भागिले साडेनऊ हजार. किलोमागे तेरा पैसे. दिवसाही दिवे लावावे लागले तर सव्वीस पैसे धरा.

मायबहिणींनो, या तेरा पैशांसाठी शेडे जळतात.

तुम्ही म्हणाल, मग घालावेत की तेरा पैसे! तेरा पैशांसाठी लाखांचे शेड पणाला लावणारा शेतकरी मूर्ख नाही काय? हे शहाणपण आम्हाला पूर्वीपासून ऐकवले जाते. शेतकरी आळशी, शेतकरी अडाणी, शेतकऱ्याला हिशेब कळत नाही. हिशेब कळतो म्हणूनच तो दिवा खाली घेतो. आज आपल्याकडचे बरेचसे ब्रॉयलर पालन कराराने चालते. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड आपले, मजूर आपला, पाणी आपले, तूस आपले, आणि वीज व गॅस आपला. पक्षी निघाले की किलोमागे ठरलेले पैसे आपल्या हातात. त्यात खाद्य किती खाल्ले, किती मेले, यावरून कमी-जास्त होते. म्हणजे पिल्लू गारठून मेले तर ते हिशेबात लगेच दिसते आणि पैसे कापले जातात. दिवा दोन वीत खाली आला तर तो कुठल्याही कागदावर दिसत नाही. वीज वाचवली तर वाचलेला पैसा खिशात राहतो. अशा वेळी कोणताही व्यवहारी माणूस काय करील?

सुपरवायझर येतो. खाद्य मोजतो, मेलेले मोजतो, पिल्लांचे वजन करतो, तपमान किती ठेवायचे त्याचा तक्ता भिंतीला डकवतो. आम्ही जेवढे तक्ते पाहिले त्यांत अंश होते, आर्द्रता होती, लसीच्या तारखा होत्या. दिवा कशापासून किती लांब हवा याची ओळ एकाही तक्त्यावर नव्हती. त्या पोराचा यात दोष नाही. त्याला जे मोजायला सांगितले ते तो मोजतो. पक्षी कंपनीचे आहेत तोवर कंपनी पक्षी मोजणार. शेड आपले आहे, तर शेड आपणच मोजले पाहिजे.

आणि शेडमध्ये नुसते पक्षी नसतात. सुरगाणा-पेठकडची जोडपी पोल्ट्रीवर राहायला येतात, लहान पोरांसकट. शेडला लागून एक खोली असते, नाही तर शेडच्याच टोकाला पडदा लावून केलेला आडोसा. पिल्ले लहान असताना नवरा-बायको आळीपाळीने आतच झोपतात, कारण तिथेच ऊब असते. पावसाळ्यात पोरांचे कपडे वाळायला दुसरी जागा नाही म्हणून दिव्याच्या वरच्या तारेवर टाकतात. तेही आम्ही पाहिले. त्या बाईला रागावण्याआधी शेडमालकाने तिला कपडे वाळत घालायला पत्र्याची एक पडवी काढून द्यावी. किती खर्च येतो?

वरून ऊब देणाऱ्या उपकरणांचा धोका आपल्या महाराष्ट्राने फार भयंकर रूपात पाहिलेला आहे. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. चौकशीतून जे पुढे आले ते असे, की बाळांना वरून ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या नियंत्रण पेटीत ठिणगी पडली आणि तिथून आग पसरली. आम्ही पिल्लांची आणि त्या बाळांची तुलना करत नाही. पण एक गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे. आग तापणाऱ्या भागातूनच निघते असे नाही. पेटी, होल्डर, वायर, जोड, यांतली ठिणगीही पुरते. म्हणून अंतर मोजायचे ते नुसते दिव्याच्या तोंडापासून नाही.

तर मोजायचे कसे? आम्ही जे ठरवले ते सांगतो. उपकरणाबरोबर पुस्तिका आली असेल तर तिच्यात लिहिलेले अंतर पहिले. गॅसच्या ब्रूडरला तर तेच, कारण प्रत्येकाचा दाब आणि ताकद निराळी. ज्या दिव्याला पुस्तिकाच नाही, त्याचे तोंड तुसाच्या वरच्या थरापासून दीड फुटाच्या आत कधीही येता कामा नये. फरशीपासून नव्हे, तुसापासून. बाजूला पडदे, गोण्या, खोके, वाळत टाकलेले काही, हे सगळे तीन फूट लांब. पडदा वाऱ्याने आत फुगतो, तेव्हा फुगलेल्या पडद्यापासून तीन फूट मोजा. शिवलेल्या गोण्यांचे प्लॅस्टिक १६० अंशांच्या पुढे वितळते, आणि पेटले की पेटते थेंब खाली तुसात गळतात, हे ध्यानात असू द्या. पिल्लांभोवतीचा गोल पत्र्याचाच करा. पुठ्ठ्याचा किंवा तट्ट्याचा नको.

यासाठी टेप लागत नाही. बरोब्बर दीड फुटाची एक काठी कापा, तिला शेडच्या दाराशी खुंटीवर टांगा. रोज दिवे लागले की काठी घेऊन एक फेरी मारायची. काठी तुसावर उभी धरायची, दिवा काठीला लागला की वर घ्यायचा. ज्याला अंक वाचता येत नाहीत त्यालाही हे जमते, आणि चार वर्षांचे पोरही आवडीने करते. अर्थात पोराला दिव्याजवळ पाठवू नका.

टांगायची ती साखळीला. बाजारात गायीच्या दाव्याची मिळते तसली बारीक साखळी चालते. कडीत आकडा अडकवायचा, म्हणजे उंची कडीने बदलते, गाठीने नाही. आणि शेवटची कडी अशी ठेवा की साखळी पूर्ण सोडली तरी दिवा दीड फुटाच्या खाली येऊच नये. रात्री दोन वाजता माणसाच्या शहाणपणावर विसंबायचे नाही. साखळीच तेवढी ठेवायची. शिवाय एक जी.आय. तार वेगळी बांधायची, साखळी सुटली तर दिवा तिच्यावर लटकेल. वायरीवर वजन येता कामा नये. होल्डर चिनी मातीचा. साधा काळा होल्डर एवढ्या धगीला तडकतो. दिव्याला तारेचा पिंजरा असेल तर उत्तम, कारण तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काच फुटते आणि तापलेले तुकडे तुसात पडतात.

पंचवीस दिवे म्हणजे सत्तावीस अँपिअर. घरात पंखा-बल्ब चालतो त्या वायरीवर हे ओझे टाकू नका. चार-पाच दिव्यांची एक लाइन, तिला स्वतःचा एम.सी.बी., आणि सगळ्यांवर गळती ओळखून वीज तोडणारा एक खटका. मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल तर घ्या. फ्यूजमध्ये तारेचे वेटोळे घालणारा वायरमन स्वस्त पडतो, हे खरे आहे, आणि तो आग लागल्यावर पंचनाम्याला येत नाही हेही खरे आहे.

गॅसवाल्यांसाठी थोडे. सिलिंडर शेडच्या बाहेर, सावलीत. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की वर जात नाही, तुसावर बसतो. नळीवरची तारीख बघा, उंदीर लागलेत का बघा. ज्योत विझली की आपोआप गॅस बंद करणारी कळ असलेलाच ब्रूडर घ्या. ब्रूडरवर पिल्लांची लव आणि तुसाची धूळ बसते, ती बॅचमध्ये दोनदा तरी झटका. बंद करून, गार झाल्यावर. गॅसची धग खाली जाते तशी गरम हवा वर जाते, म्हणून त्याच्या डोक्यावर बारदान किंवा प्लॅस्टिक नको. आणि शेड चारी बाजूंनी डबाबंद करू नका. विषारी वायू साचतो, पिल्लांआधी आत झोपलेला माणूस जातो. कोळशाच्या शेगडीचे तर काय सांगावे, ती ठेवायचीच झाली तर खालचे तूस दूर सारून विटांवर ठेवा, आणि उजाडले की निखारे बाहेर नेऊन पाण्यात विझवा.

दोन गोष्टी बॅच येण्याआधीच्या. पिसे जाळायला फरशीवरून आगीची बंदूक फिरवतात, ती फिरवल्यावर त्याच दिवशी तूस टाकू नका. आणि फॉर्मेलिन व पोटॅशियम परमँगनेटची धुरी देताना दिवे, ब्रूडर, विडी, काही पेटते नको. फॉर्मेलिनची वाफ जळाऊ असते, आणि ती दोन मिसळली की भांडे स्वतःच तापते.

एवढे करूनही आग लागू शकते. पहिल्यांदा मेन खटका पाडायचा, मगच पाणी. मेन खटका शेडच्या बाहेर हवा. आत असेल तर आगीतून जाऊन तो पाडायचा कसा? पाणी हवे तर उंचावरच्या टाकीत साठवलेले हवे, कारण वीज तोडली की बोअरची मोटरही बंद. दाराशी वाळूच्या बादल्या आणि कोरड्या पावडरचे आग विझवायचे एक नळकांडे असू द्या. तूस विझले असे दिसले तरी विझलेले नसते. फावड्याने बाहेर ओढून, उपसून, भिजवायचे. ज्वाळा पत्र्याला भिडल्या असतील तर सगळे सोडून बाहेर यायचे, ११२ ला फोन करायचा. आत परत जायचे नाही. पिल्ले कंपनीची आहेत, शेड आपले आहे, पण जीव त्या जोडप्याचा आहे.

विम्याचे एकच वाक्य. पक्ष्यांचा विमा निराळा आणि शेडचा निराळा, तेव्हा कंपनीने विमा काढलाय एवढ्यावर झोपू नका. कशाचा काढलाय आणि भरपाई कोणाच्या खात्यात जाणार ते कागदावर पाहा.

आता मागणी. ती भीक नाही, हिशेब आहे. पुढच्या करारात ब्रूडिंगची वीज आणि गॅस हा खर्च वेगळ्या ओळीत दाखवला पाहिजे आणि किलोमागच्या दरात धरला पाहिजे. हिवाळ्याचा दर निराळा पाहिजे, कारण निफाडची थंडी करारात लिहिलेली नसली तरी निफाडात पडते. तपमानाच्या तक्त्याखाली अंतराची ओळ छापली पाहिजे: दिवा तुसापासून इतका, पडद्यापासून इतका. ओळ छापली की अंतर पाळण्याचा खर्च मान्य करावा लागतो, म्हणून ती आजवर छापली गेली नाही, असे आमचे मत आहे. कोणाचे निराळे असेल तर त्याने ते इथेच मांडावे. आणि तोवर? तोवर तेरा पैसे आपणच घालायचे, वहीत लिहून ठेवायचे, आणि बॅच निघाली की बिलाबरोबर ते लेखी मागायचे. एकट्याने मागितले तर हसतील. तालुक्यातल्या सगळ्यांनी एकच आकडा मागितला तर हसता येणार नाही.

ज्यांच्याकडे कराराची प्रत आहे त्यांनी ती जेवणाच्या सुटीत नोंदणीच्या टेबलावर दाखवावी, आम्ही ब्रूडिंगच्या खर्चाचे कलम उतरवून घेऊन लगेच परत देऊ. ज्यांच्याकडे प्रतच नाही, त्यांनी नावे लिहून द्यावीत. ती यादी पहिल्यांदा लागणार आहे. मंडपाच्या मागे पत्र्याच्या तुकड्यावर तूस पसरून दोन दिवे टांगले आहेत, एक दीड फुटावर, एक अर्ध्या फुटावर. सकाळी दहाला चालू केलेत, शेजारी माणूस आणि पाण्याची बादली ठेवली आहे. जेवून हात धुतले की तिकडे या, कागदाचा रंग बघा. काठ्याही कापून आणल्या आहेत, जाताना एकेक घेऊन जा.